ग्राहक राजा, मग बाकीचे कोण?

(द्वितीय वर्ष, कला)

तालुक्याच्या गावी कोणत्याही बँकेत किंवा पतपेढीत पाऊल टाकले की भिंतीवर एक तसबीर हमखास दिसते. वर गांधीजींचे चित्र आणि खाली ग्राहकाची थोरवी सांगणारी चार-पाच वाक्ये. वाचून आपल्याला बरे वाटते. पण गांधीजींच्या लेखनात हा मजकूर कुठेच सापडत नाही. ज्यांनी त्याचा माग काढला त्यांना तो जवळपास याच शब्दांत १९४१ साली अमेरिकेतील स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या नावावर छापलेला आढळला. मोटारी खपवणाऱ्या माणसाचे बोल आपण महात्म्याच्या तोंडी घातले आणि त्याला हार घालून मोकळे झालो. त्याच तसबिरीखाली लोक तासन्‌तास रांगेत उभे असतात. त्यांच्यातल्या कितीजणांना पैसे काढण्याची चिठ्ठी भरता येते, याची चौकशी करायला कोणाला सवड नसते.

‘ग्राहक राजा’ हे शब्द आपण इतक्यांदा ऐकले आहेत की त्यांचा अर्थ विचारावा असे आता कोणाला सुचत नाही. राजा म्हटला की त्याचे म्हणणे कोणीतरी ऐकले पाहिजे. ते ऐकले जाते काय? आणि ग्राहक एकटाच राजा असेल तर त्या राज्यात बाकीच्यांनी कोण म्हणून राहायचे? या दोन प्रश्नांचा विचार मला येथे करायचा आहे.

हा विषय वाणिज्य शाखेचा, कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की, नवी वस्तू कशी घडवावी याविषयी गेल्या काही दशकांत जे शास्त्र उभे राहिले, त्याची मुळे आपल्याच अभ्यासक्रमात आहेत. माणसाजवळ बसणे, त्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत टिपून घेणे, तो बोलतो एक आणि करतो दुसरे हे ओळखणे, हे काम समाजशास्त्राचे आहे, मानसशास्त्राचे आहे आणि भाषेचेही आहे. यंत्र कसे चालते हे अभियंता सांगेल. ते कोणासाठी आणि कशासाठी चालावे, हे सांगायला माणसे वाचता येणारा कोणीतरी लागतो.

या शास्त्राला ग्राहककेंद्री रचना म्हणतात. त्याची रीत साधी आहे. कारखान्यात आधी वस्तू करायची आणि मग जाहिरात करून ती लोकांच्या गळी उतरवायची, ही जुनी पद्धत. नव्या पद्धतीत आधी माणसाकडे जायचे. ‘तुम्हांला काय हवे?’ असे थेट विचारून फारसे हाती लागत नाही, कारण जे अजून जन्मालाच आलेले नाही ते माणूस मागणार कसे? म्हणून त्याचे दिवसभराचे काम पाहायचे, ते कोठे अडते ते पाहायचे. मग एक कच्चा नमुना करायचा, पुठ्ठ्याचा असला तरी चालेल. तो त्याच्या हातात द्यायचा आणि आपण गप्प बसून बघायचे. जेथे त्याचा हात अडखळेल तेथे चूक आपली समजायची. नमुना दुरुस्त करायचा आणि पुन्हा त्याच दारात जायचे.

हार्वर्डचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांनी १९६० साली एका गाजलेल्या लेखात अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांचे उदाहरण दिले आहे. त्या कंपन्या मागे पडल्या, कारण आपला धंदा आगगाड्या चालवण्याचा आहे असे त्यांनी मानले. लोकांना तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचे होते. मोटार आणि विमान मिळताच ते तिकडे गेले. पुढे त्याच विद्यापीठातील क्लेटन ख्रिस्तेनसेन यांनी हाच विचार निराळ्या रीतीने मांडला. माणूस वस्तू घेतो म्हणजे आपले अडलेले काम करून घेण्यासाठी तिला जणू चाकरीला ठेवतो, असे त्यांचे म्हणणे. काम नीट झाले नाही की चाकर बदलला जातो.

परदेशी प्राध्यापकांची नावे घेतली म्हणून हा विचार परका ठरत नाही. आपल्याकडे तो त्या नावाने ओळखला जात नव्हता, एवढेच. जयपूर फूटची हकिगत पाहा. पाय गमावलेल्या माणसाला त्या काळी विलायती पद्धतीचा कृत्रिम पाय मिळे. तो बुटात घालण्यासाठी केलेला होता. खुर्चीवर बसणाऱ्या आणि सपाट रस्त्यावर बूट घालून चालणाऱ्या माणसाला तो ठीक होता. आपला शेतकरी अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो. जयपूरच्या सरकारी रुग्णालयातले डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे शिक्षण न झालेले कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा पाय तयार केला. टायर दुरुस्त करताना रबर ज्या रीतीने पक्के करतात तीच रीत त्यांनी वापरली. हा पाय घोट्यात वळतो, चिखलपाण्यात टिकतो आणि त्याला बूट लागत नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने पुढे हा पाय गरजूंना मोफत पोचवला. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या पायाच्या मुळाशी एकच साधा प्रश्न होता: हा माणूस दिवसभर बसतो कसा आणि चालतो कसा?

आता दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले, आणि इतके सरळ नसलेले. गोदरेज अँड बॉइस या कंपनीला असे दिसले की देशातल्या बहुसंख्य घरांत शीतकपाट नाही. कंपनीची माणसे खेड्यांत जाऊन राहणीमान पाहू लागली. २००८ साली उस्मानाबादेत, म्हणजे २०२३ पासून ज्याला धाराशिव म्हणतात तेथे, काही शे स्त्रियांना बोलावून त्यांच्यापुढे नमुने ठेवले आणि त्यांची मते घेतली. त्यातून ‘छोटूकूल’ ही पेटी घडली. तिला कॉम्प्रेसर नव्हता, विजेच्या एका चकतीने ती थंड होई. वजन आठ किलोच्या आतबाहेर, त्यामुळे घर बदलताना उचलून नेता येई. झाकण वरून उघडायचे, म्हणजे गारवा चटकन निसटत नाही. वीज गेली तर बॅटरीवर चाले. किंमत सुरुवातीला तीन-साडेतीन हजारांच्या घरात. दूध, भाजी, पाण्याच्या चार बाटल्या एका कुटुंबापुरत्या राहाव्यात, एवढेच तिचे काम. शहरातल्या मोठ्या शीतकपाटाला कापून लहान न करता गरजेपासून सुरुवात करून केलेली ती वस्तू होती.

एवढे सगळे यथासांग होऊनही ती पेटी खेड्यात अपेक्षेइतकी रुजली नाही. पुढे कंपनीने ती शहरी ग्राहकांकडे वळवली: मोटारीतून सहलीला जाणारे, वसतिगृहात राहणारे, छोटे दुकानदार. ज्या स्त्रियांना विचारून वस्तू केली, त्यांच्या घरात ती क्वचितच गेली. मला या गोष्टीत कंपनीची चेष्टा करावीशी वाटत नाही. तिने विचारले, हे थोडे नव्हे. पण काय विचारले आणि काय विचारायचे राहिले, हे पाहिले पाहिजे. पेटी कशी असावी हे बाईला विचारले. घरात साडेतीन हजार रुपये एकदम खर्च करायचे झाले तर ते कोणाच्या शब्दाने होतात, हाही तितकाच मोठा प्रश्न होता. आमच्याकडे तेवढे पैसे हातात आले की आधी बी-बियाणे, मग उधारी, मग औषधपाणी, आणि बाईच्या सोयीचा क्रमांक सर्वांत शेवटी. वापरणारी एक आणि पैसे मोजणारा दुसरा, असे झाले म्हणजे ग्राहक नेमका कोण? येथे ‘ग्राहक’ हा शब्दच दुभंगतो.

हा दुभंग आजच्या काळात फार मोठा झाला आहे, कारण आजच्या मोठ्या कंपन्यांपैकी कितीतरी कंपन्या वस्तू तयारच करत नाहीत. त्या प्लॅटफॉर्म चालवतात. प्लॅटफॉर्म म्हणजे दोन किंवा अधिक प्रकारच्या माणसांची गाठ घालून देणारी जागा. भाड्याची गाडी देणाऱ्या कंपनीची स्वतःची गाडी नसते. तिच्याकडे एका बाजूला प्रवासी असतात आणि दुसऱ्या बाजूला गाडीवाले. घरपोच जेवण पाठवणारी कंपनी स्वतः चूल पेटवत नाही. तिच्याकडे खाणारा असतो, हॉटेलवाला असतो आणि मधे पिशवी पाठीवर घेऊन धावणारा मुलगा असतो.

मोबाइलमुळे ही कल्पना नवी वाटते, पण आपला आठवडी बाजार दुसरे काय आहे? गर्दी असते म्हणून दुकाने येतात आणि दुकाने येतात म्हणून गर्दी होते. एकदा बाजार भरू लागला की शेजारच्या गावाला दुसरा बाजार भरवणे जड जाते. प्लॅटफॉर्मच्या धंद्याचे पहिले सूत्र हेच आहे. म्हणून नवा प्लॅटफॉर्म सुरुवातीला सवलतींचा पाऊस पाडतो, तोटा सोसतो, एका बाजूची गर्दी फुकट जमवतो. गर्दी जमली की दुसरी बाजू आपोआप खेचली जाते, आणि मग शुल्क कोणावर लावायचे हे ठरवण्याची सत्ता त्याच्या हाती येते.

शुल्क कोणावर लावायचे, हा दिसतो त्यापेक्षा खोल प्रश्न आहे. फ्रान्सचे अर्थशास्त्रज्ञ जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल यांनी २००३ साली अशा दुहेरी बाजारपेठांवर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. तिरोल यांना २०१४ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या विचाराचे सार मला समजले ते असे: एकूण शुल्क किती याइतकेच, ते दोन बाजूंत कसे वाटले याला महत्त्व आहे, कारण एका बाजूवरचा भार तिला दुसऱ्या बाजूवर सहज ढकलता येत नाही.

हे पुस्तकात वाचले तेव्हा मला आमच्या घरातल्या पट्ट्या आठवल्या. आमच्या घरी टोमॅटो होतो आणि तो बाजार समितीत जातो. आण्णा प्रत्येक विक्रीची पट्टी जपून ठेवतात. फडताळात त्यांची चवडच आहे. जुन्या पट्टीत मालाची रक्कम वर आणि खाली वजावटींची उतरंड असे: अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडे. २०१६ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने फळे आणि भाजीपाला नियमनमुक्त केला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बाजार बंद ठेवले, मग हळूहळू ते सुरळीत झाले. त्यानंतरच्या आमच्या पट्ट्यांत अडतीची ओळ दिसत नाही. मी आण्णांना विचारले, “मग आपला फायदा झाला ना?” ते म्हणाले, “ओळ गेली बाई, पण बोली लावणारा आता तेवढं मनात धरूनच बोली लावतो.” त्यांनी तिरोल वाचलेला नाही, परंतु भार कसा ढकलला जातो हे त्यांना पक्के ठाऊक आहे. खरेदीदार उद्या येऊ शकतो, परवा येऊ शकतो. टोमॅटो थांबत नाही. ज्याच्याकडे थांबण्याची ताकद नाही, त्याच्याकडे भार घरंगळत येतो, मग कागदावर तो कोणाच्याही नावे लिहिलेला असो.

प्लॅटफॉर्म चांगला असूच शकत नाही, असे माझे म्हणणे नाही. आपल्या कॅन्टीनच्या काउंटरवर चिकटवलेला तो काळा-पांढरा चौकोन पाहा. यूपीआय ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली आणली. माझ्या फोनात एका कंपनीचे अ‍ॅप आणि चहावाल्याच्या फोनात दुसऱ्या कंपनीचे, तरी पैसे पोचतात. बाजाराला एकच दार आणि त्या दाराला एकच मालक, असे येथे झाले नाही. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या अशा व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचे नाही असे सरकारने ठरवले, म्हणून वडापावच्या गाडीवरही तो चौकोन आला.

तरीही एक अडचण राहिली होती आणि ती दिल्ली-मुंबईच्या कार्यालयात बसून कळण्यासारखी नव्हती. गाडीवर भजी तळणाऱ्याचे दोन्ही हात पिठात असतात. गिऱ्हाईक फोन दाखवून म्हणते, “पाठवले.” खरे पाठवले की जुनेच चित्र दाखवले, हे त्याने कसे पाहावे? २०१९ च्या सुमारास पेटीएमने बोलणारी छोटी पेटी आणली. पुढे इतरांनीही आणली. पैसे आले की ती आकडा मोठ्याने सांगते आणि मराठीतही सांगते. वाचता न येणाऱ्यालाही ती उपयोगी, गर्दीत गुंतलेल्यालाही उपयोगी. ग्राहककेंद्री रचनेचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की येथे केंद्रस्थानी पैसे देणारा नव्हता, पैसे घेणारा होता. प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी जाऊन उभे राहिले आणि तिकडून जग कसे दिसते ते पाहिले. अर्थात या पेटीचे दरमहा भाडे आकारले जाते. व्यवहारावर शुल्क नाही म्हटल्यावर कमाई अशा वाटेने होते. पण भाडे उघड आहे, आणि पेटी नको असेल तर दुकानदार परत करू शकतो.

आता तिसऱ्या बाजूकडे येते. माझा मावसभाऊ पुण्यात एका कंपनीसाठी घरोघर जेवण पोचवतो. दिवाळीला तो गावी आला तेव्हा त्याने मला आपला फोन दाखवला. ग्राहकाच्या पडद्यावर लहानशी दुचाकी सरकताना दिसते, किती मिनिटांत जेवण येणार ते दिसते, उशीर झाला तर तक्रारीचे बटण दिसते. जेवण पोचल्यावर, पोचवणारा कसा वाटला म्हणून तारे मागितले जातात. ग्राहकाला किती किती विचारले जाते! भावाच्या पडद्यावर घड्याळ आहे आणि पत्ता आहे. हॉटेलात ताटकळलेल्या वेळाचे काही मिळत नाही असे तो सांगतो. ग्राहक कसा वाटला, हॉटेल कसे वाटले, रस्ता कसा होता, हे त्याला कोणी विचारत नाही. ज्या इमारतीत तो गरम जेवण घेऊन जातो तिथल्या लिफ्टवर त्याच्यासारख्यांना मनाई असल्याची पाटी असते. दर किती मिळेल हे तो ठरवत नाही आणि कधी बदलेल हे त्याला आधी कळत नाही. आण्णांच्या टोमॅटोसारखाच तोही थांबू शकत नाही, कारण महिन्याचा हप्ता थांबत नाही.

ही एकट्याची गोष्ट असती तर मी येथे लिहिली नसती. नीती आयोगाने २०२२ च्या जूनमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा प्रकारे काम करणाऱ्यांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली आहे आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज दिला आहे. कायद्यालाही या माणसांची दखल घ्यावी लागली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘प्लॅटफॉर्म कामगार’ ही व्याख्या प्रथमच आली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद तीत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी ही संहिता अमलात आली. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली स्वतंत्र कायदे केले. कायदा हवाच. परंतु कायदा अपघात झाल्यावर विमा देईल. घड्याळ किती मिनिटांचे लावायचे हे वस्तू घडवणारा ठरवतो. अपघाताचे बीज तेथेच पडलेले असते.

माझा मुख्य मुद्दा येथे येतो. ‘ग्राहककेंद्री’ या शब्दात केंद्र एकच आहे आणि प्लॅटफॉर्मवर माणसे अनेक आहेत. एकाला केंद्रात बसवले की उरलेले परिघावर जातात. मग त्यांच्या अडचणी या अडचणी राहत नाहीत. राजाच्या सुखाचा तो खर्च ठरतो. ज्या पद्धतीने भज्याच्या गाडीवाल्याचे पिठाचे हात पाहिले, त्याच पद्धतीने पोचवणाऱ्या मुलाचे भिजलेले हात पाहायला काय हरकत आहे? पद्धत तीच, नजर दुसरीकडे वळवायची एवढेच.

यावर आक्षेप येतील. मित्रमंडळींत चर्चा केली तेव्हा आलेच. एक जण म्हणाला, कंपनी म्हणजे धर्मादाय संस्था नव्हे. ग्राहक दुसऱ्या अ‍ॅपकडे गेला तर पोचवणाऱ्याचेही काम जाईल. दुसरी म्हणाली, तुझ्या भावाला कोणी बळजबरी केली आहे काय? हे दोन्ही आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. माझा भाऊ स्वतःच सांगतो की आधीच्या गोदामातल्या नोकरीपेक्षा येथे पैसे बरे मिळतात आणि ओळखीवाचून काम मिळाले. हे खरे आहे. पण काम मिळाले म्हणून तोंड मिटून घ्यावे, हा कोणता न्याय? शिवाय जो पिशवी वाहतो त्याला रस्ता माहीत असतो. कोणत्या हॉटेलात उशीर होतो, कोणत्या वेळी कोणता पूल तुंबतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक आहे? त्याला न विचारणे म्हणजे फुकट मिळणारे ज्ञान रस्त्यावर टाकून देणे. असे करणारी कंपनी हुशार आहे असे मला तरी वाटत नाही.

आणि दुसऱ्या बाजूला केंद्रस्थान देऊनही धंदा चालतो, याचा दाखला आपल्या शेजारच्याच राज्यात आहे. १९४६ साली गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली दूध उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला. तोच पुढे अमूल म्हणून प्रसिद्धीस आला. एका बाजूला खेड्यातले दूधवाले आणि दुसऱ्या बाजूला शहरातले ग्राहक, असा तोही प्लॅटफॉर्मच. फरक इतकाच की त्याचे मालक दूध घालणारेच. हिवाळ्यात म्हशींचे दूध वाढे आणि गिऱ्हाईक न मिळाल्याने भाव पडे. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. हरिचंद दलाया या तंत्रज्ञाने ती करून दाखवली, वर्गीस कुरियन यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९५५ साली आणंदला कारखाना उभा राहिला. ही नवी वस्तू ग्राहकाने मागितली नव्हती. दूध घालणाऱ्याची अडचण सोडवण्यासाठी ती जन्माला आली आणि फायदा दोघांचा झाला.

ग्राहकांनी स्वतः उभारलेला प्लॅटफॉर्मही आपल्याकडे आहे. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी यांच्याबरोबर तिच्या संस्थापकांत संगीतकार सुधीर फडके होते, हे वाचून मला मोठे नवल वाटले. शेजारची काही कुटुंबे एकत्र येऊन संघ करतात, महिन्याच्या सामानाची मागणी एकत्र नोंदवतात, माल एका घरी उतरतो आणि सभासद आपापसांत वाटून घेतात. तेथे दुकान नाही, पाटी नाही, तसबीर नाही. ग्राहकाने राजेपण सोडून थोडे ओझे स्वतः उचलले, म्हणून ते चालले.

यांतून मी असे समजते की विचारणे ही पहिली पायरी आहे. ऐकून त्याप्रमाणे वस्तू बदलणे ही दुसरी. ज्याला विचारले त्याला निर्णयात वाटा देणे ही तिसरी, आणि तेथवर फार थोडे पोचतात. तारे मागणारा पडदा पहिल्या पायरीवरच बसून राहिला आहे, तेही एकाच बाजूच्या माणसांना घेऊन.

शेवटी आपल्या महाविद्यालयाविषयी थोडे. आपल्यातले बरेच जण खेड्यांतून एसटीने येतात. घरातून महाविद्यालयात येणारी मी पहिलीच, आणि माझ्यासारख्या कितीतरी आहेत. घरी पुस्तके नाहीत, म्हणून ग्रंथालयाची आम्हांला सर्वांत जास्त गरज. पुस्तके घरी देण्याची खिडकी दुपारी उघडते आणि आमच्या गाड्या त्याच वेळेला सुटतात. गावात राहणाऱ्यांना ही वेळ सोयीची आहे. बहुधा त्यांनाच विचारून ती ठरली असेल, किंवा कोणालाच विचारले नसेल. समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांनी मिळून पुढल्या वर्षी एक पाहणी करावी, अशी माझी गुरुजनांना नम्र सूचना आहे. विद्यार्थ्यांना विचारावे, कोण कोणत्या गाडीने जाते ते नोंदवावे, आठवडाभर नवी वेळ करून पाहावी आणि कुठे अडते ते बघून पुन्हा बदलावी.

आणि ती पाहणी करताना खिडकीच्या आतल्या बाजूला उभ्या असणाऱ्या ग्रंथालय परिचरांनाही विचारावे. वेळ बदलली तर त्यांचे जेवण कधी, त्यांची गाडी कोणती, हे आम्हांला माहीत नाही. आमच्या सोयीची किंमत त्यांनी मुकाट्याने मोजावी, असे मला वाटत नाही. एवढे एक काम आपण नीट केले, तर उद्या आपल्यातला कोणी मोठ्या कंपनीत वस्तू घडवायला बसेल तेव्हा खिडकीच्या दोन्ही बाजू पाहण्याची सवय त्याला येथेच लागलेली असेल.